भाच्याच्या पाया पडताना जिंकलेली कुस्ती

आंधळगाव मागे पडलं, मंडईतल्या आकाशपाळण्याचं टोक झाडांआड गेलं, तरी निर्मलाबाईच्या कमरेवरच्या गुंडातला नारळ काही गप्प बसायला तयार नव्हता. पाणी भरायचा तो नवाकोरा स्टीलचा गुंड, आणि आत एकटा नारळ. डावं पाऊल पडलं की खडंग, उजवं पडलं की खडंग. बांधीत धान कापणाऱ्या बाया मान वर करून पाहत, आणि पाहिलं की हसत.

पुढे तिचा नवरा सेवकराम पहिलवान चालला होता. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर जिंकलेला शेला आणि लंगोटाची पिशवी, आणि चाल धानानं भरलेल्या बंडीसारखी, एका चाकावर कललेली.

"आन तो गुंड, मी घेतो," तो मागे न पाहता म्हणाला.

"कायले? तुमचा एक हात कमरेले, दुसरा गुडघ्याले. तिसरा असन तं घ्या."

सेवकरामनं गळ्यातला हार सारखा केला आणि चालत राहिला. जिंकून घरी जाणारा माणूस इतका गप्प निर्मलाबाईनं कधी पाहिला नव्हता.

त्यांच्या मोहटोल्याची रीतच होती तशी. दिवाळीनंतर आंधळगावला मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईत कुस्त्या होतात, आणि मोहटोल्याचा गडी जिंकला तर त्याचा नारळ कुठल्याच वाहनात बसत नाही. जमिनीलाही टेकत नाही. पायी आणायचा आणि गावच्या मारुतीपुढे फोडायचा. त्यामुळे आतापर्यंत एक ऑटो आणि एक ट्रॅक्टर त्यांच्याजवळ थांबून, "या ना बसून जी," म्हणून निघून गेले होते. दोन्ही वेळेस सेवकरामनं त्या रिकाम्या जागेकडे असं पाहिलं, की उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे काय पाहील.

नारळ तर होता. पण तो खरंच जिंकलेला होता का, हे कोणाला ठरवता येईना. आणि निर्मलाबाईचा सारा जीव त्याच एका गोष्टीत अडकला होता.

मागच्या वर्षी, हरून आल्यावर, सेवकराम मारुतीपुढे उभा राहून म्हणाला होता, "एक शेवटली कुस्ती जिंकतो अन् लंगोट तुह्या खुंटीले टांगतो. पन हारून टांगनार नाई." निर्मलाबाई मागेच उभी होती. तिनं मनातल्या मनात लगेच नवस जोडून टाकला, की देवा, एवढी एक जिंकू दे, मी वर्षभर शनिवारी तेलाची वात लावीन. वात तर तिनं आधीच सुरू केली. देवाच्या कामात उधारी कशाला.

सेवकराम काही साधा पहिलवान नव्हता. त्याच्या भरात त्याच्यासमोर उभा राहायला जोड मिळत नसे. वजन इतकं, की गावच्या भात गिरणीत नवा इलेक्ट्रिक काटा आला तेव्हा मालकानं आधी सेवकरामला त्यावर उभं केलं. काट्यानं आकडा कमी दाखवला. मालकानं काटा परत पाठवला. सेवकराम चुकेल असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पण भर ओसरला. एका मंडईत जोडीदार आलाच नाही, तर हा संध्याकाळपर्यंत उघड्या अंगानं आखाड्यात उभा राहिला आणि सर्दी घेऊन घरी आला. एकदा कुस्ती बरोबरीत सुटली, कारण दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचलं नाही. मागच्या वर्षी एका पोरानं त्याला पाडलं, आणि पाडल्यावर ते पोरगंच रडायला लागलं. सेवकरामलाच त्याची समजूत काढावी लागली.

गुडघा तर केव्हाचाच गेला होता. तो जेवायला स्टुलावर बसे. देवालाही उभ्यानंच हात जोडी. निर्मलाबाईला हे आवडायचं नाही. ती म्हणे, "वाकावं माणसानं देवापुढं." तर हा म्हणे, "मी अन् मारुती बरोबरीचे पहिलवान आहोत. आमी उभ्यानंच भेटतो."

तर आजची कुस्ती.

समोर साकोलीचा धर्मेंद्र होता. अंगानं नवा कोरा, दंड असे की शिवणाऱ्यानं बाही कशी बेतली असेल. हळद-ताक घातलेल्या मातीत दोघं भिडले आणि भिडूनच राहिले. सेवकरामनं आपलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. पाहणाऱ्यांना वाटलं डाव शोधतो आहे. निर्मलाबाईला बायकांच्या बाजूनं दिसलं की तो विसावा घेतो आहे.

"अबे, लुगडं वाळत घातल्यावानी लटकला बुढा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

पुढचं तिला रस्त्यात नवऱ्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं. सेवकरामला लटकल्या लटकल्या कंटाळा आला, म्हणून त्यानं विचारपूस सुरू केली.

"कोनाचा बे तू?"

"साकोलीचा."

"साकोलीत कोनाचा? आईचं माहेर कोनतं?"

"कुस्ती खेला ना जी."

"खेलूनच राहिलो. आईचं माहेर सांग."

"मोहटोला. दामिनी नाव आहे आईचं."

"इश्वरकाकाची दामिनी? भिलाईले देल्ली होती ते?"

"हाव. दोन वर्सं झाली, साकोलीले आलो आमी."

सेवकरामची पकड तिथंच सुटली. इश्वरकाका म्हणजे त्याचा सख्खा चुलता. दामिनी त्याची चुलत बहीण. लग्न होऊन भिलाईला गेली ती काका वारल्यावर आलीच नव्हती.

"अबे, तं तू माहा भाचा होय ना."

आता झाडीपट्टीत भाचा म्हणजे देव. भाचा पाळण्यात असला तरी मामानं त्याच्या पाया पडायचं, मिशी फुटलेला असला तरी पडायचं. आणि हा तर मामाच्या हातून मार खायला उभा होता. सेवकराम मंडईच्या हजार डोळ्यांसमोर वाकला आणि त्यानं भाच्याचे पाय धरले. भाचा लाजला. "राहू द्या, राहू द्या," म्हणत मागं सरला, जसं सगळेच सरतात. पण पाय सेवकरामच्या हातात होते. पाय पुढं राहिले, भाचा मागं गेला, आणि पाठ मातीला लागली. वरून पहिलवान त्याच्या तंगड्यांवर आडवा.

शिट्टी वाजली. चीत.

टाळ्या वाजवाव्या का नाही हे कोणाला कळेना. बँडवाल्यांनीही अर्धंच गाणं वाजवलं.

निर्मलाबाई चालता चालता तेच घोळवत होती. पाया पडता पडता त्यानं मुद्दाम भाच्याला ओढलं असेल, तर ते पाप. देवाला वाहिलेलं फूल उचलून त्याच देवाला मारण्यासारखं. आणि ओढलं नसेल, पोरगं आपोआपच पडलं असेल, तर जीत कसली? जीत नाही तर लंगोट खुंटीला लागत नाही, आणि पुढच्या मंडईला हा गुडघा घेऊन हा पुन्हा मातीत. तिला जीत हवी होती आणि पाप नको होतं. दोन्ही एकाच गुंडात मावेना.

"खरं सांगा," ती म्हणाली, "ओढलं का?"

"हूं."

"हूं म्हंजे ओढलं का नाई ओढलं?"

"नारळ तडकला तं नाई ना? पाह्य बरं."

तेवढ्यात मागून स्कूटर आली. भय्याजी. आंधळगावचे कापडवाले, घरी माग, दुकानात लुगडी, आणि मंडईत दरवर्षी पंच. त्यांनी स्कूटर बंद केली, पण उतरले नाहीत.

"वहिनी, चेहरा काहून पाडला? चीत म्हंजे चीत. पाठ मातीले लागली, मी शिट्टी मारली. जीत पक्की."

"तुमी तं तवा चहा घेऊन राहिले होते, भय्याजी."

"एका डोळ्यानं पाहून राहिलो होतो ना."

"अन् दुसऱ्यानं?"

"आलूबोंड्याकडं," भय्याजींनी खरं ते सांगितलं. "पन सेवकरामभाऊ, एक बोलतो, राग नका मानू. लोकं इचारून राहिले का कुस्ती होती का सत्यनारायण होता. पहिले तुमी गड्याले उचलून फेकत होते तं पेंडालचा बांबू हालत होता. आज त्या पोराची पाठ लागली तं मातीलेही समजलं नसन."

"जिंकलो ना पन," सेवकराम म्हणाला. आवाज गुंडातून आल्यासारखा.

"जिंकले. वहिनी, लिहिजा आता तुमच्या फळ्यावर चांगल्या अक्षरात."

फळा म्हणजे मोहटोल्याच्या मारुतीच्या ओट्यावरचा. निर्मलाबाई गावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली, अक्षर टपोरं, म्हणून फळा तिच्याकडे. कोणाकडे बारसं, कधी भजन, नळ येणार का नाही, सगळं ती लिहायची. मारुतीच्या डोळ्यांसमोरचा फळा, म्हणून त्यावर तिनं कधी खोटा शब्द लिहिला नव्हता. आजवर नळ येणार असं लिहिलं आणि आला नाही, तेवढंच, पण तो ग्रामपंचायतीचा दोष. एकच अडचण होती. फळा भिंतीला टेकवलेला होता, आणि गावच्या शेळ्या त्याला पाठ घासत. वरच्या ओळी आठ-आठ दिवस टिकत. सगळ्यात खालची ओळ एका रात्रीत साफ.

भय्याजी गेले. थोडं पुढे आल्यावर मंडईहून परतणारा ऑटो थांबला. आत बायका, बायकांच्या मांडीवर शिंगाड्यांच्या पिशव्या, आणि कडेला शेजारीण चंद्रकला, अर्धी बाहेर.

"अवो निर्मला, आयकलं ते खरं होय का? भाच्याचे पाय ओढले म्हंते?"

"पाया पडले ते. तो पोट्टा पडला."

"पाया पडल्यावर कोन पडते वो? आमचे हे तं दरसाली पडते भाच्याच्या पाया, आजपर्यंत एकही भाचा पडला नाई." चंद्रकलानं सेवकरामकडे पाहून पदर सारखा केला. "भाऊजी, सांभाळून राहा जी. पुढल्या सात जन्मी तुमी नुसते काका व्हान. मामा नाई होनार."

"काका व्हाले काय वाईट आहे?" सेवकराम पुटपुटला.

"शिंगाडे घे वो," म्हणून चंद्रकलानं मूठभर शिंगाडे गुंडात टाकले आणि ऑटो गेला. आता नारळाला साथीदार मिळाले. खडंगच्या मागे बारीक खडखडही यायला लागली.

निर्मलाबाई मनात हिशेब मांडत होती. पंच म्हणतो जीत, पण त्यानं आलूबोंडा पाहिला. शेजारीण म्हणते पाप, पण तिनं काहीच पाहिलं नाही. पाहिलं ते तिनं स्वतः, आणि तिलाच सांगता येईना. मारुतीकडे तर प्रत्येक पाऊल जवळच चाललं होतं.

तळ्याच्या, म्हणजे बोडीच्या, वळणावर एक मोटारसायकल उभी होती. शेजारी धर्मेंद्र, कानात अजून हळदीची माती. मामा-मामी दिसताच तो ताठ झाला. निर्मलाबाई गुंड सावरत, रीतीप्रमाणे त्याच्या पायांकडे वाकायला लागली, तर तो उडी मारून मोटारसायकलच्या पलीकडे.

"तिथूनच मामी. तिथूनच."

"असं कसं बाप्पा, पहिल्यानं भेटून राहिली."

"मामानं भेटलं तेवढं पुरे झालं."

तिनं लांबूनच हात जोडले. गाडी मध्ये ठेवून बोलणं सुरू झालं.

"आईले फोन केला," धर्मेंद्र म्हणाला. "भलती खुश झाली. म्हणे दादानं पाडलं ना, मंग काही हरकत नाई." मग त्यानं मोबाईल काढला. "पन मामा, मले एक सांगा. हा डाव कोनता होय? व्हिडिओ पाहून पाहून थकलो. आमच्या तालमीतले सारे इचारून राहिले."

सेवकराम मोबाईलकडे न पाहता बोडीतल्या बगळ्याकडे पाहू लागला.

"पहिले तुमी मले बोलन्यात घेतलं," धर्मेंद्र बोट फिरवत समजावू लागला. "मंग आईचं नाव काढून ढिला केलं. मंग पाया पडले. इथपर्यंत समजलं. पन इथं पाहा, पाऊल सोडून दोन्ही हातानं पिंढऱ्या धरल्या, अन् असा झटका देल्ला खाली. इतकी ताकद मले आजपर्यंत कोनी लावली नाई. मले शिकवा ना मामा."

निर्मलाबाईनं नवऱ्याचा असा चेहरा एकदाच पाहिला होता. गिरणीतल्या काट्यावर उभा असताना.

"शिकवीन," सेवकराम शेवटी म्हणाला. "पहिले म्हातारा हो."

धर्मेंद्रनं मान हलवली. त्याला ते फार खोल वाटलं. "साधना पायजे म्हंता," तो म्हणाला, गाडीला किक मारली, आणि मामा जवळ येतो का हे आरशात पाहत निघून गेला.

धूळ खाली बसेपर्यंत निर्मलाबाई थांबली.

"पिंढऱ्या धरल्या म्हंतो पोट्टा. पाया पडताना पिंढऱ्या कोन धरते जी?"

"चाल ना, अंधार पडून राहिला."

"मी नाई चालत. नारळही नाई चालत. पाप डोक्यावर घेऊन मी मारुतीपुढं येनार नाई. ओढलं का?"

सेवकराम बोडीच्या पाळीवर उभा राहिला. बसावंसं वाटत होतं, पण बसला तर काय होईल हे त्याला आज दुपारीच समजलं होतं.

"ओढलं," तो म्हणाला.

निर्मलाबाईनं गुंड घट्ट धरला.

"पन पाडाले नाई ओढलं. पाया पडलो तं मनापासून पडलो. दामिनीचं पोरगं होय, मले खरंच भरून आलं होतं. मंग उठाले गेलो." तो थांबला. "तं गुडघा उठाले तयारच नाई. मातीत तसाच अडकलो. हजार लोकं पाहून राहिले. समोर दोन पाय दिसले, खांबावानी. म्हनलं धरतो अन् उठतो. म्हनून वरतून धरलं, अन् जोर लावला. मी तं उठलो नाई. खांबच खाली आला."

निर्मलाबाईनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग आधी गुंड हलायला लागला, मग शिंगाडे वाजायला लागले, मग नारळ. ती इतकी हसली की तिला गुंड दोन्ही हातांनी धरावा लागला, कारण जमिनीवर ठेवता येत नव्हता.

"हास," सेवकराम म्हणाला. "म्हनूनच सांगत नव्हतो."

"अवो, पाप नाई ना पन," ती डोळे पुसत म्हणाली. "देवा मारुती, पाप नाई हे."

"पाप नाई. पन जीतही नाई." त्याचा आवाज एकदम ताठ झाला. "वचन जिंकल्यावरचं होतं. लंगोट टांगत नाई मी. पुढल्या साली खरी मारतो. धर्मेंद्रले उचलून दाखवतो का नाई पाह्य."

निर्मलाबाईचं हसू तिथंच थांबलं. पाप गेलं ते जीतही सोबत घेऊन गेलं. तिनं वर्षभर जाळलेल्या वाती तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. दोघं चालू लागली. मारुतीचा कळस दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "एक करा. आज मारुतीच्या पाया पडा. भुईवर डोकं ठेवून. कोनाले न धरता उठले, तं पुढल्या साली मी स्वतः तुमचा लंगोट धुऊन देईन. एक शब्द बोलनार नाई."

"अन् नाई उठलो तं?"

"ते तुमी अन् मारुती पाहून घेजा. बरोबरीचे होय ना."

सेवकरामला नाही म्हणता येईना. पहिलवानाला देवापुढं वाकायला भीती वाटते, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

देवळात कोणी नव्हतं. समईत तेल होतं, कारण ते निर्मलाबाईनंच सकाळी घातलं होतं. सेवकरामनं हार काढून मारुतीच्या पायाशी ठेवला, पिशवी कोपऱ्यात टेकवली, शेला कमरेला बांधला, एक हात भिंतीला टेकवायला गेला, बायकोकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला. मग तो खाली गेला. हळूहळू, धानाची गंजी पावसानं बसते तसा. डोकं फरशीला टेकलं.

बराच वेळ तो तसाच राहिला. पाहणाऱ्याला वाटलं असतं, केवढी भक्ती.

"निर्मला."

"हूं."

"इथून मारुती गंज मोठा दिसते वो. एवढा होता का हा?"

"होताच. तुमी उभ्यानं पाहत होते."

खालून एकदा 'हुं' असा आवाज आला, एकदा 'हं' असा, पण देह काही हलला नाही. निर्मलाबाई गुंड कमरेवर घेऊन उभी होती. तिनं मारुतीला काही मागितलं नाही. मागायचं ते वर्षभर मागून झालं होतं.

"निर्मला," सेवकराम फरशीशी बोलला, "हात दे."

तिनं हात दिला. दोन्ही हात लागले, आणि गुंड तिनं मारुतीच्याच मांडीवर टेकवला, ती काही जमीन नव्हे. दोघं हेलकावे खात उभी राहिली, आणि या खेपेला धरलेलं माणूस पडलं नाही. सेवकरामनं कोपऱ्यातली पिशवी उघडली. लंगोट झटकला, हळदीची माती उडाली. खुंटी उंचावर होती, तिथं मात्र त्याचा हात सहज पोचला. टांगला. मग दगडावर नारळ एकदाच आपटला आणि बरोबर दोन भकलं झाली. आजच्या दिवसात एवढं एकच काम एका झटक्यात झालं.

खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून निर्मलाबाई ओट्यावर आली. कालचं भजनाचं पुसून टाकलं, खडू घेतला. अंगणात शेळ्या येऊन उभ्या होत्या, जशा रोज उभ्या असतात. सेवकराम उंबऱ्यात टेकून उभा, खोबरं चघळत.

"काय लिहिशीन?"

"झालं ते."

"सारं?"

"मारुतीसमोर बसून मी कधी अर्धं लिहिलं का?"

"नाई, नाई. सारंच लिहिजो," सेवकराम म्हणाला. त्यानं एकदा लंगोटाकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, मग शेळ्यांकडे. आवाज खाली आणला, मारुतीला ऐकू जाऊ नये एवढा.

"फक्त एक कर वो. ते उठता नाई आलं म्हनून, ते सगळ्यात खालच्या ओळीत घेजो."